मागचा ब्रेक का पकडतो? एक जुना बूट, एक ड्रम आणि घाटकोपरची धूळ

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचे इअरफोन डोंबिवली फास्टच्या गर्दीत शहीद झालेत, त्यांच्यासाठी या भागाची ही लिखित आवृत्ती. बोलताना जे 'बघा ना', 'म्हणजे काय तर' येतं ते थोडं कमी केलंय. सगळं काढलं तर तो मी राहणार नाही.

आजचा विषय आहे जुन्या डर्ट बाइकचा मागचा ब्रेक. तोही असा, की पाय नुसता टेकवला तरी चाक जाम. गॅरेजच्या भाषेत 'ब्रेक पकडतो'. हळूहळू जोर वाढवावा आणि गाडी हळूहळू थांबावी, असं होतच नाही. आधी काहीच नाही, आणि मग एकदम सगळंच.

तुम्ही म्हणाल, हा इतिहासाचा पॉडकास्ट आहे, मग पाना-पक्कड कशाला? कारण हा ब्रेक का पकडतो हे समजून घ्यायला १२०-१२५ वर्षं मागे जावं लागतं. आणि त्या प्रवासात मध्येच आपल्या सेंट्रल लाइनवरचं एक स्टेशन लागतं, जिथे उतरल्याशिवाय ही गोष्ट पूर्ण होत नाही.

आपल्याकडची 'डर्ट बाइक'

आधी थोडं आपल्याकडचं चित्र. भारतात खरी मोटोक्रॉस बाइक रस्त्यावर दिसत नाही, तिला नंबर प्लेटच मिळत नाही. त्यामुळे आपल्याकडे पोरांनी वर्षानुवर्षं काय केलं, तर राजदूत, येझदी, आरएक्स १०० अशा गाड्यांचं जास्तीचं सामान उतरवलं, गठ्ठ्यांचे टायर टाकले आणि चिखलात घातल्या. कंपनीतूनच तशी बनवलेली, सर्वसामान्यांच्या खिशातली गाडी म्हणजे २०११ ची हिरो इम्पल्स. दीडशे सीसी, उंच, लांब सस्पेन्शन, पुढे डिस्क, मागे ड्रम. ती फार खपली नाही आणि काही वर्षांत बंद झाली. तिची जागा २०१९ मध्ये एक्सपल्स २०० ने घेतली, तिच्यात मागेही डिस्क आली. पण बारवी धरणाच्या बाजूला, मलंगगडाच्या पायथ्याशी किंवा मुरबाडच्या कच्च्या रस्त्यांवर पावसाळ्यात रविवारी गेलात, तर जुन्या, मागे ड्रम असलेल्या गाड्या अजून दिसतात. आज बोलायचंय ते या ड्रमबद्दल.

आणि हे महत्त्वाचं का? १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना नियम लागला: १२५ सीसीच्या वर एबीएस, त्याखाली पुढचा-मागचा ब्रेक एकत्र लावणारी सीबीएस. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांवर यातलं काहीच नाही. चाक जाम होऊ न देण्याची सगळी जबाबदारी तुमच्या उजव्या पायाच्या पंजावर. ब्रेक मारला की वजन पुढच्या चाकावर जातं, मागचं चाक हलकं होतं. त्यात खाली चिखल. जाम झालेल्या चाकाची बाजूची पकड जाते आणि गाडीचं बूड आडवं सरकतं. रानात झालं तर कपडे खराब होतात. भर पावसात कल्याण-शीळ रोडवर, मागून ट्रक येत असताना झालं तर काय, ते मी सांगायला नको.

१९०२: स्वतःलाच ओढणारा ब्रेक

आता मागे जाऊया. घोडागाडीच्या आणि पहिल्या मोटारींच्या काळात ब्रेक म्हणजे बाहेरून चाकावर दाबलेला ठोकळा, किंवा बाहेरून आवळलेला पट्टा. पाऊस, शेण, माती सगळं त्यात. १९०२ मध्ये फ्रान्सच्या ल्यूई रेनो यांनी जो ड्रम ब्रेक आणला, त्यात काम आतून होतं. चाकाबरोबर फिरणारा पोकळ डबा आणि आत दोन अर्धगोल शू. पॅडल दाबलं की शू बाहेर फाकतात आणि डब्याच्या आतल्या भिंतीला घासतात. गंमत म्हणजे त्याच १९०२ मध्ये इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. पण डिस्कला रस्त्यावर सर्रास यायला अर्धं शतक लागलं. तोवर राज्य ड्रमचं.

ड्रम जिंकला त्याचं एक कारण होतं की तो कमी जोरात जास्त ब्रेक लावतो. कसा? दोन शूंपैकी पुढचा शू अशा बाजूने टेकतो, की फिरणारा ड्रमच त्याला घासत घासत अजून आत ओढून घेतो. म्हणजे तुम्ही दाबलं थोडं, उरलेलं काम ड्रमनं स्वतःच केलं. दुसरा शू उलट दिशेला असतो, त्याला ड्रम ढकलून लावतो. त्यामुळे बहुतेक काम पहिलाच शू करतो.

माझ्यासारख्या कोडिंगवाल्याला हे लगेच कळतं, हा फीडबॅक लूप आहे. एक हिशेब करून बघू, आकडे फक्त समजण्यापुरते. समजा तुम्ही १ इतका जोर दिला आणि घर्षणामुळे त्यातला अर्धा परत शूवर आला. मग त्या अर्ध्याचा अर्धा, पुन्हा अर्धा... सगळं मिळून २. आता पाऊस लागला, ड्रमवर गंज चढला, घर्षण वाढलं आणि अर्ध्याऐवजी पाऊण परत यायला लागला. बेरीज किती? ४. म्हणजे परत येणारा हिस्सा दीडपट झाला, पण ब्रेक दुप्पट. पाय तोच, दाब तोच.

पकडणाऱ्या ब्रेकचं मूळ हे आहे. ड्रममध्ये छोटा बदल मोठा होऊन बाहेर येतो. म्हणून पावसाळ्यात रात्रभर उघड्यावर उभ्या गाडीचा सकाळचा पहिला ब्रेक झटका देतो. गंजाचा पातळ थर घासून गेला की शांत होतो. पण दिवसभर तसाच झटका देत राहिला, तर आत काहीतरी बिघडलंय.

एका बुटापासून सुरुवात

ड्रमची गोष्ट अर्धीच आहे. उरलेली अर्धी शूवरच्या लायनरची, म्हणजे जे प्रत्यक्ष घासतं त्याची.

इंग्लंडच्या डर्बीशर भागात हर्बर्ट फ्रूड नावाचा माणूस होता. डोंगराळ मुलूख, मालाने भरलेल्या घोडागाड्या उतारावर यायच्या. गोष्ट अशी सांगतात, की गाडीवान ब्रेकच्या लाकडी ठोकळ्यावर जुना बूट बांधतात हे त्यानं पाहिलं. बुटाचं चामडं लाकडापेक्षा चांगलं पकडायचं. यातून फ्रूडला धंदा सुचला, आणि १८९७ पासून तो ब्रेकसाठी खास घासणारं सामान बनवायला लागला. आधी कापडाचे पट्टे डिंक-डांबरासारख्या पदार्थांत भिजवून. पण मोटारी आल्या तसं ब्रेक इतके तापायला लागले, की कापूस जळून जायचा. मग १९०८ च्या सुमारास त्यानं ॲस्बेस्टॉस वापरलं. दगडातून निघणारा धागा, जळत नाही, विणता येतो. कंपनीचं नाव त्यानं आपल्याच आडनावाची इंग्रजी अक्षरं उलटसुलट करून आणि बायकोच्या, एलिझाबेथच्या, नावातला 'ई' घालून बनवलं: फेरोडो.

१९२० च्या दशकात फेरोडो ही टर्नर अँड न्यूऑल या ब्रिटिश ॲस्बेस्टॉस कंपनीच्या छत्राखाली गेली. आणि त्याच दशकात दुसरी एक गोष्ट घडली. रॉचडेलच्या टर्नर ब्रदर्सच्या कारखान्यात ॲस्बेस्टॉसचं सूत कातणारी नेली केर्शॉ १९२४ मध्ये ३३ व्या वर्षी वारली. डॉ. विल्यम कुक यांनी तिची फुप्फुसं तपासली, आत ॲस्बेस्टॉसचे कण सापडले. त्यांनी ते ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं. पुढे या आजाराला 'ॲस्बेस्टॉसिस' नाव पडलं. कंपनीनं नुकसानभरपाई नाकारली होती. १९३० मध्ये सरकारी अहवाल आला, आणि १९३१ मध्ये ब्रिटनमध्ये कारखान्यातल्या धुळीवर नियम आले.

ही तारीख लक्षात ठेवा, १९३१. कारण आता आपण घाटकोपरला उतरतोय.

सेंट्रल लाइनवरचा कारखाना

आपण लोकलमधून जाताना आता टॉवर मोजतो. पण कुर्ल्यापासून कल्याणपर्यंतचा हा पट्टा एके काळी गाड्या बनवणारा पट्टा होता. कुर्ल्याला प्रीमियर, भांडुपला ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाच्या लॅम्ब्रेटा आणि सिएटचे टायर, १९६२ मध्ये एमआयडीसीची सुरुवात ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून, नंतर नव्वदच्या दशकात कल्याण-डोंबिवलीच्या हद्दीवर प्रीमियरच्या कारखान्यात पूजोच्या गाड्या. एवढ्या गाड्या म्हटल्यावर ब्रेकही लागणारच. ब्रेकचं लायनर बनवणारा एक मोठा कारखाना घाटकोपरला, एलबीएस मार्गावर होता. नाव हिंदुस्तान फेरोडो. मूळ मालक तीच टर्नर अँड न्यूऑल. पुढे नाव बदलून हिंदुस्तान कॉम्पोझिट्स झालं, आणि आता त्यांचे प्लांट पैठण आणि भंडाऱ्याकडे आहेत.

स्वातंत्र्यानंतर हा कारखाना चालू झाला तेव्हा ब्रिटनमध्ये धुळीचे नियम येऊन बरीच वर्षं उलटली होती. म्हणजे ही धूळ माणूस मारते हे कोणाला नव्यानं कळायचं होतं असं नाही. आपल्याकडे हा प्रश्न कोर्टात ठामपणे मांडला गेला तो खूप नंतर. २७ जानेवारी १९९५ ला सुप्रीम कोर्टानं ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात निकाल दिला, की कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. कारखान्यांनी कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ४० वर्षं जपायच्या, आणि आजार सिद्ध झालेल्याला एक लाख रुपये भरपाई. २००५ मध्ये डॉ. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, मुंबईतल्या एका ॲस्बेस्टॉस कंपोझिट मिलच्या १८१ कामगारांचा. दर पाचांत एकाहून जास्त कामगारांना ॲस्बेस्टॉसिस निघाला. हा आजार हळू येतो, वीस-पंचवीस वर्षांनी. तोवर माणूस रिटायर झालेला असतो, कारखान्याच्या जागी दुसरंच काही उभं असतं, आणि दम लागतो तो 'वयानं' असं घरचे समजतात.

टर्नर अँड न्यूऑल १९९८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल-मोगलनं विकत घेतली. ॲस्बेस्टॉसच्या दाव्यांच्या ओझ्याखाली फेडरल-मोगलनं २००१ मध्ये दिवाळखोरीचं संरक्षण मागितलं. ब्रिटननं १९९९ मध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली. भारतात पांढऱ्या ॲस्बेस्टॉसची आयात अजूनही कायदेशीर आहे.

मग गॅरेजमध्ये काय होतं?

आज चांगल्या कंपनीचे ब्रेक शू 'नॉन-ॲस्बेस्टॉस' लिहून येतात. पण पंधरा-वीस वर्षं जुन्या गाडीत कोणी कधी काय बसवलंय, पाकिटावर नावही नसलेला स्वस्त शू कुठून आला, हे सांगता येत नाही. आणि आपल्याकडे ड्रम उघडला की पहिलं काय होतं? हवेचा पाइप घेतात आणि फुर्रर्र. काळी धूळ सगळ्या गॅरेजभर. ती उडवणारा बहुतेक वेळा सतरा-अठरा वर्षांचा हेल्पर असतो. दिवसाला किती ड्रम उघडत असेल तो?

कंपन्या पूर्वी म्हणायच्या, ब्रेकच्या उष्णतेनं ॲस्बेस्टॉसचा धागा बदलून निरुपद्रवी होतो. बराचसा बदलतो हे खरं आहे. पण सगळा नाही. आणि लायनर कानशीने किंवा पॉलिश पेपरने कोरडं घासलं तर न तापलेला, ताजा धागाच हवेत जातो. म्हणून ब्रेक दुरुस्त करताना पहिला नियम: फुंकायचं नाही, हवा मारायची नाही, कोरडं घासायचं नाही. ओलं फडकं, पाण्याचा स्प्रे, तोंडाला ॲस्बेस्टॉसच्या धुळीसाठी चालणारा मास्क. फडकं पिशवीत बांधून टाकायचं, धुऊन परत वापरायचं नाही.

आता दुरुस्ती, क्रमानं

चाक काढायच्या आधी बाहेरून बघा. अर्ध्या तक्रारी बाहेरच मिटतात.

एक, पॅडलची उंची आणि ढील. ब्रेक लागायच्या आधी पॅडल साधारण २० ते ३० मिलिमीटर मोकळं जायला हवं, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात बघा. जाड बूट घालून उभं राहून चालवता तेव्हा पॅडल पंजाच्या वर नको, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात नकळत ब्रेक लागतो.

दोन, ही ढील गाडीवर बसून मोजा. डर्ट बाइकचं सस्पेन्शन लांब असतं. मागचं चाक वर जातं तसा ब्रेकच्या रॉडचा कोन बदलतो आणि काही गाड्यांत रॉड ओढला जातो. स्टँडवर ठीक वाटलेला ब्रेक तुम्ही बसलात की घट्ट होतो. सत्तरच्या दशकात मोटोक्रॉस बाइकचं सस्पेन्शन लांब झालं, तेव्हा हाच प्रश्न रेसवाल्यांना आला होता. त्यांनी रॉडऐवजी केबल, आणि ड्रमची प्लेट स्विंग आर्मपासून मोकळी ठेवणारी जोडणी काढली. तुमच्या-माझ्याकडे एवढं नाही, पण बसून मोजणं फुकट आहे.

तीन, ड्रमची प्लेट फिरू न देणारी पट्टी असते, तिचे बोल्ट आणि बुश. ढिले असतील तर ब्रेक लागताना आख्खी प्लेट थोडी सरकते आणि एकदम अडकते. तोच झटका. इथे नट बदलला तर स्प्लिट पिन नवी घाला.

चार, ब्रेकच्या आर्मचा कोन. ब्रेक पूर्ण लागलेला असताना आर्म आणि रॉड साधारण काटकोनात हवेत. लायनर संपलं की काही जण आर्म काढून एक दात पुढे बसवतात, 'अजून दोन महिने चालेल' म्हणून. हे धोक्याचं आहे. आतला कॅम गरजेपेक्षा जास्त फिरतो आणि तिथेच अडकून चाक जाम करू शकतो. खुणेचा बाण मर्यादेच्या पुढे गेला असेल तर शू बदला, काही शे रुपयांचं काम आहे.

आता चाक काढा, ओल्या फडक्यानं पुसा, आणि आत बघा.

पाच, कॅम. चिखल-पाण्यानं गंजलेला कॅम नीट परत येत नाही, मग ब्रेक अर्धवट लागलेला राहतो. बाहेर काढून साफ करा, जास्त उष्णता सोसणारं ग्रीस लावा, पण थेंबभरच. लायनरला ग्रीस लागलं तर ते लायनर गेलं. पेट्रोलनं धुऊन किंवा जाळून ते परत येत नाही.

सहा, स्प्रिंग. दोन्ही सारख्या ताणाच्या हव्यात. ढिली पडलेली असेल तर जोडीच बदला.

सात, लायनरचं पुढचं टोक. ज्या टोकाला फिरणारा ड्रम आधी भेटतो, तिथे धार तयार झाली असेल तर ती खणते, आणि आपण बघितलेला लूप तिथूनच भडकतो. ते टोक ओलं ठेवून कानशीने थोडं तिरकं करा, तीन-चार मिलिमीटर पुरे. आरशासारखी चमक आली असेल तर ओल्या पॉलिश पेपरने हलकं मारा. तडा गेला असेल तर दुरुस्ती नाही, नवा शू.

आठ, ड्रम स्वतः. चाक फिरवून ऐका. एकाच जागी घासल्याचा आवाज येत असेल तर ड्रम गोल राहिलेला नाही. स्पोकवाल्या चाकात याचं एक खास कारण असतं: एका बाजूचे स्पोक जास्त आवळले की ते ड्रमला ओढून लंबगोल करतात. आधी स्पोक सारखे करून घ्या, मगच लेथवर टर्निंग. आणि टर्निंग ड्रमवर छापलेल्या मापाच्या पुढे नाही.

शेवटी, एक्सलचा नट पक्का करायच्या आधी चाक फिरवून पॅडल दाबून धरा आणि तसंच धरून नट आवळा. यानं शू ड्रमच्या मधोमध बसतात. मग रिकाम्या मैदानात, कमी स्पीडला, दहा-पंधरा वेळा हळू ब्रेक लावा. नवीन शू ड्रमला जुळायला थोडं अंतर जातंच.

आणि एक काम तुमच्यासाठी

हे सगळं करायला वेळ नसेल, गॅरेजलाच देणार असाल, तरी चालेल. फक्त गाडी देताना मेकॅनिकला सांगा, 'दादा, हवा नका मारू, ओल्या फडक्यानं पुसा.' तो हसेल कदाचित. म्हणेल, वीस वर्षं हेच करतोय, काही झालं नाही. त्याला नेली केर्शॉची गोष्ट सांगायची गरज नाही. दोन मास्क आणि एक स्प्रेची बाटली त्याच्या हेल्परच्या हातात ठेवा, एवढं पुरे.

पुढच्या भागात भेटू. तोवर सांभाळून चालवा, आणि पावसात मागच्या ब्रेकवर जरा कमी विश्वास ठेवा.